पाटावरची भरलेली रायफल

मोहन वाडकरने प्रताप गुंजाळला फसवलं. रायफलचा बोल्ट त्याने उघडलाच नव्हता आणि उघडून साफ केला म्हणून सांगितलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला लवकर येतो हे नगरच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच हा मजकूर लिहून काही दिवस तसाच ठेवला, पुन्हा वाचला, आणि मग संपादकांकडे पाठवला. वाडकर गेलं वर्षभर उलटंच सांगत फिरतो आहे. साळव्यांनी हात लावेपर्यंत रायफल ठणठणीत होती, असं त्याचं म्हणणं. साळवे म्हणजे मी.

संपादकांनी माझ्याकडे बंदुकांच्या धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. तसे आहेत. लोकांना वाटतं, आमच्या दुकानात सिनेमातल्यासारखी माणसं येत असतील. प्रत्यक्षात येतात शेतकरी, बँकेचे वॉचमन, रिटायर फौजी, आणि वडील वारल्यावर त्यांच्या बंदुकीचं काय करायचं हे न कळणारी मुलं. ती बंदूक बिनपरवान्याची घरात ठेवता येत नाही, फेकता येत नाही, भावाला देता येत नाही. मग कागद होईपर्यंत ती आमच्याकडे जमा. निवडणूक लागली की परवानेवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात ठेवावी लागतात. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

मी त्या दुकानात झाडू मारायला लागलो. वडील मिशनच्या शाळेत शिपाई, घरात खाणारी तोंडं भरपूर. दुकान एका बोहरी शेठचं. झाडू सुटला तेव्हा नळ्या पुसायला मिळाल्या, मग खोलायला मिळाल्या, मग गिऱ्हाइकाशी बोलायला मिळालं, आणि तिथे मी सुटलोच. शेठची मुलं परदेशात स्थायिक झाली तेव्हा मी त्यांच्याकडून दुकान विकत घेतलं. अख्खा उन्हाळा घासाघीस चालली. शेवटी सही करताना शेठ म्हणाले, "तुला बोलायला शिकवलं हीच माझी चूक." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

शेठनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. बंदूक हातात आली की आधी तिचं तोंड माणसांपासून दूर करायचं आणि उघडून बघायची. समोरचा काहीही सांगो.

पारनेरकडचा एक वाटाणेवाला शेतकरी निवडणुकीआधी आपली बारा बोअर जमा करायला आला. एसटीने आला होता, बंदूक पोत्यात गुंडाळलेली. मी उघडायला लागलो तर त्याला राग आला. "आईची शपथ, रिकामी हाय. माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?" मी उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं. मी ती काढून काउंटरवर उभी केली. मग त्याने सांगितलं, गाडीत बसायला जागा मिळाली म्हणून त्याने बंदूक दोन गुडघ्यांत धरली होती आणि तिच्या तोंडावर हनुवटी टेकून नगरपर्यंत झोपत आला होता. एसटी कशी आदळते ते तुम्हाला माहीत आहे. त्याने पाणी मागितलं, ग्लास हातात धरला, पण प्यायला नाही. तसाच परत ठेवला.

सुप्याच्या एका कारखान्याच्या गेटवरचा गार्ड सर्व्हिसिंगला बंदूक घेऊन आला. नळीत पुसायचा बोळा अडकलेला. वर्षभर तो बोळ्यासकट गेटवर उभा होता. बार केला असता तर नळी फुटून त्याचाच चेहरा गेला असता. मी त्याला झाडला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चोरच आला न्हाई त्याला मी काय करू?"

हे सांगून लोकांना मी हसवत आलो. स्वतःशी मात्र कधी हसलो नाही. मला विचाराल तर या धंद्यात ज्याला भीती वाटेनाशी झाली त्याने त्याच दिवशी कुलूप लावावं. मला आजवर वाटत आली आहे. अजूनही कुठे ट्रकचा टायर फुटला की मी आधी माझे दोन्ही हात बघतो.

आता गुंजाळांची रायफल.

प्रतापच्या पणजोबांनी ती नगरच्या कॅम्पातून विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. अमेरिकन बनावट. शिकारीच्या रायफलींत आपोआप भरण्याची सोय नवीनच निघाली होती त्या काळातली, शंभर वर्षांहून जुनी. आता या जातीचा नवा परवाना आपल्याकडे साध्या माणसाला मिळत नाही, बाहेरून माल येणं तर कधीच बंद झालं. म्हणून ज्या जुन्या रायफली शिल्लक आहेत त्यांच्यामागे संग्राहक लागलेले असतात. त्यांना त्या चालवायच्या नसतात. कपाटात उभ्या करून बघायच्या असतात.

ती चालते कशी ते साध्या शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोळी सुटली की धक्क्याने आतला एक जड लोखंडी ठोकळा मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. त्या ठोकळ्याला आम्ही बोल्ट म्हणतो. त्याच्या पोटात एक बारीक पिन असते. चाप ओढला की पिन पुढे येऊन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आपटते आणि बार होतो. बाकी सगळा वेळ पिनेने आत दडून राहायचं असतं. ती पुढे अडकून राहिली, तर चाप ओढायची गरजच उरत नाही. बोल्ट जोरात पुढे आला की झालं.

दुसरी गोष्ट. या रायफलीला बोल्ट मागे ओढायला बाजूला खुंटी नाही. नळीच्या खाली, पुढच्या टोकाला, एक दांडा बाहेर आलेला आहे. तो तळव्याने दाबून मागे ढकलायचा. म्हणजे भरताना आणि रिकामी करताना माणसाचा पंजा नळीच्या तोंडाला लागून असतो. ज्या कोणी हे काढलं तो मला जिवंत भेटला असता तर चार शब्द सुनावले असते.

प्रतापचे वडील, आबा, वारले आणि परवाना वारसाहक्काने प्रतापच्या नावावर झाला तेव्हा प्रतापने मला किंमत करायला घरी बोलावलं. संगमनेरच्या पुढे, प्रवरेच्या काठाला त्यांची वस्ती. बंगल्याच्या कंपाउंडला ऊस टेकलेला आणि उसात बिबट्या. दिवस कलला की बायका अंगणातली भांडी तशीच टाकून आत येतात. त्या रायफलने बिबट्याला कोणी मारणार नव्हतं, कायद्याने मारताही येत नाही. पण ती आबांच्या खोलीत होती म्हणून घर झोपायचं, असं प्रतापची बायको वैशाली मला म्हणाली. आबा गेल्यावर तिला झोप लागत नव्हती. त्या घरातलं सगळ्यात शहाणं माणूस ती होती, हे मला पहिल्या चहालाच कळलं.

मी रायफल उन्हात नेऊन बघितली. बाहेरून अशी की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, अर्थात मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. मूळचं निळं पाणी, म्हणजे गंज टाळायला चढवतात तो निळसर काळा थर, हात लागून लागून राखाडी झालेलं, पण कोणी छेडलेलं नाही. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या. दस्त्याच्या अक्रोडाच्या लाकडावर खोच होती, ती जुनी आणि खरी. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही भागांवरचे नंबर जुळत होते. संग्राहक याच गोष्टींना पैसे मोजतो. झिजलेली चालते, चकचकीत केलेली चालत नाही.

आतून मात्र परिस्थिती वाईट होती. बोल्टचा धक्का झेलायला मागे दाबलेल्या धाग्यांची एक चकती असते, तिचा भुगा झाला होता. आणि बोल्टच्या फटींत लालसर काळा थर, गुळाच्या काकवीसारखा घट्ट. मी आगकाडीने पिन पुढे ढकलून बघितली. ती गेली, पण परत येईना. बोटाने टिचक्या मारल्या तेव्हा कुठे मागे सरकली.

तो थर कशाचा हे विचारायची गरज नव्हती. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजा. हळद, कुंकू, अक्षता, वरून तेलाचं बोट. कोयत्याला आणि कुऱ्हाडीला त्याने काही होत नाही, धुतलं की संपलं. रायफलीत ते फटीतून आत जातं आणि आतच राहतं. चार पिढ्यांचे दसरे त्या बोल्टमध्ये बसले होते. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी ही पूजा नाही. पण शेठच्या वेळची रीत म्हणून दुकानात मी झेंडूचा हार घालायचो, गिऱ्हाइकांना बरं वाटतं. लोखंडाला कुंकू मात्र लावू दिलं नाही कोणाला.

मग प्रतापने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या हातातली रायफल मी हळूच पलंगावर ठेवली.

"काका, आमच्याकडं ती भरून पुजतात. रिकामं हत्यार पुजायचं न्हाई, असं पणजोबांपास्नं चालत आलंय."

त्याने देव्हाऱ्यातून एक काडतूस आणून दाखवलं. दरवर्षी तेच एक. पूजेआधी नळीत घालायचं, आरती झाली की काढून पुन्हा देवाजवळ. मी त्याचं बूड उलटं करून बघितलं. टोपीवर बारीक बारीक खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. पिन दर दसऱ्याला त्या टोपीला शिवून परत गेली होती.

मी विचारलं, आबा दांडा कसा सोडायचे? प्रताप म्हणाला, हळूच, तळव्यावर तोलून, अगदी शेवटपर्यंत. काडतूस बाहेर आलं की मगच खाडकन सोडायचे. मला त्या माणसाला न भेटल्याचं वाईट वाटलं. कोणी न शिकवता त्याच्या हाताला समजलेलं होतं.

मी प्रतापला स्पष्ट सांगितलं. एक, ही पुन्हा भरायची नाही, देव रागावले तर माझं नाव सांगा. दोन, पॉलिश करायची नाही, किंमत निम्म्यावर येईल. तीन, बोल्ट माझ्याकडे द्या, रॉकेलमध्ये मुरवत ठेवून सावकाश पिन बाहेर काढावी लागेल, घाई केली तर मोडेल. आणि मी रायफलची किंमत सांगितली. ती रास्त होती. आता पहिला भाव जरा ओढूनच सांगायचा असतो, तेवढं कोणीही समजून घेतं.

प्रतापने समजून घेतलं नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने त्याला फोनवर भलताच आकडा सांगितला होता, न बघता. सरकारी परवानग्या तोच आणणार होता. आणि मोहन वाडकर म्हणून एक माणूस आहे, तो आठ दिवसांत नव्यासारखी करून देतो म्हणतो, मग किंमत आणखी चढेल. प्रताप म्हणाला, "तुमी नेमकी न्यायलाच आलाय म्हनून दोष काढताय, काका. धंदा हाय तुमचा, कळतंय आमाला."

मी चहा अर्धा टाकून उठलो. वाडकरला मी ओळखत होतो. लग्नातल्या तलवारींना मुलामा द्यायचा, मग दुकानांची पॉलिशची कामं घ्यायला लागला. हात चांगला, चकाकी उत्तम. खोलायचा कंटाळा. दारापर्यंत जाताना मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. वैशाली फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, रागावू नका. मी सांगते त्यांना, भरायची न्हाई म्हनून." मी तिच्यावर विश्वास ठेवून गाडी सुरू केली.

त्यानंतर प्रतापचा फोन आला तो एकदम दसऱ्याच्या सकाळी. आवाजात लाडीगोडी. "काका, राग सोडा आता. सोनं घ्यायला या घरी. आन आपली रायफल बघा तर खरं, वळखायची न्हाई तुमाला." पुण्याचं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार होतं. मला वाटलं, बघून तर येऊ, चकाकी बघून ते गिऱ्हाईक पळालं तर मीच उरतो. म्हणून गेलो.

फाटकातून आत शिरलो आणि तिथेच थांबलो.

पोर्चमध्ये पाट मांडला होता. कोयते, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, आणि त्यांच्यावर आडवी रायफल. उन्हात काळीभोर चमकत होती, कारखान्यातून काल आल्यासारखी. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला आणि तोंडासमोर, हातभर अंतरावर, वैशाली उकिडवी बसलेली. हातात निरांजनाचं ताट. खाली वाकून ती बोल्टवर कुंकू लावत होती. नळी नेमकी तिच्या गळ्याखाली आली होती. प्रताप बाजूला नारळ घेऊन उभा. नारळ फोडायचा दगड पाटाला टेकलेला. मागे त्याचे मेहुणे मोबाईलवर फोटो काढत होते.

ओरडायचं नव्हतं. ओरडलो असतो तर ती दचकली असती, ताट आपटलं असतं. प्रतापने तर हात वर नेलाच होता.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "प्रतापराव, नारळ जरा थांबवा. वहिनी, ताट तसंच धरा. उठू नका. बसल्या बसल्या डावीकडे सरका."

प्रताप हसला. "काय झालं काका, आल्या आल्या?"

"सरका, वहिनी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि सरकली. पदराचं टोक कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकलं होतं. ते सोडवताना दांडा हलला आणि रायफलही जराशी हलली. ताट तसंच धरून ती भिंतीपर्यंत सरकली. तिला नेमकं कारण माहीत नव्हतं. माझा चेहरा बघून ती घाबरली होती.

मी गुडघ्यांवर बसलो. बोल्टच्या फटीपाशी पांढुरकी बुरशी आल्यासारखी दिसत होती, मीठ फुटतं तशी. वाडकरने बोल्ट खोलला होता का, या माझ्या शंकेचं उत्तर तिथे होतं. निळं पाणी चढवायचं तर लोखंड उकळत्या खारात बुडवावं लागतं. त्याआधी सगळे भाग सुटे करायचे, पिन बाहेर, स्प्रिंग बाहेर. बंद बोल्ट तसाच बुडवला तर खार आत शिरतो, तिथेच राहतो, हळूहळू गंज धरतो आणि फटीतून पांढरा बाहेर येतो. कुंकवाचा चिकटा आधीच होता. त्यात हा खार. पिन आत सिमेंटमध्ये बसल्यासारखी बसली असणार, आणि तीही पुढे.

"भरलेली आहे?" मी विचारलं.

"दरवर्षीसारखी," प्रताप म्हणाला. वैशाली भिंतीपासून म्हणाली, "मी नको म्हनले होते, काका." प्रतापने हातानेच तिला थांबवलं.

"दांडा हळूच सोडला होता ना?"

"हळूच. आबांसारखा."

म्हणून अजून बार झाला नव्हता. पिनेचं टोक त्या जुन्या टोपीला टेकून बसलं होतं आणि वैशाली त्याच्यासमोर कुंकू लावत होती. मी दोन्ही हातांनी रायफल उचलली, जितकी सरळ उचलता येईल तितकी, आणि अंगणाच्या कडेला जिथे विहिरीच्या मातीचा ढीग होता तिथे त्या ढिगाकडे तोंड करून दोन विटांवर टेकवली. तेवढंच मी रायफलीला शिवलो. हलवली नाही, उलटी केली नाही, दांड्याला बोट लावलं नाही. ते सगळं मेहुण्यांच्या मोबाईलवर आहे.

मग मी प्रतापला सगळं समजावून सांगितलं. तळहाताऐवजी लाकूड लावून, मातीच्या गोण्यांच्या आडून, सावकाश काढावं लागेल. तोवर कोणी जवळ जायचं नाही. माझा आवाज चढला असेल. पाहुण्यांसमोर त्याला ते लागलं. त्याने खिशातून फोन काढला, वाडकरला लावला आणि स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

मी विचारलं, "मोहन, बोल्ट खोलला होतास का? पिन बाहेर काढली होतीस?"

वाडकर हसला. "साळवे, तुमचा भित्रेपणा काही जात नाही बघा. पिन काढली, घासली, तेल देऊन बसवली. लोण्यासारखी चालते. प्रतापराव, बिनधास्त राहा तुम्ही."

अंगणातली सगळी माणसं सैल झाली. कोणीतरी हसलं देखील. मी म्हणालो, हा खोटं बोलतोय, पांढरं दिसतंय ते बघा. पण पांढरं दिसतंय याने कोणाची भीती वाढते? फोनवरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता आणि मी घामाने भिजलो होतो. मी प्रतापला म्हणालो, मी गोठ्यातून गोण्या आणतो, मी येईपर्यंत हात लावू नका. तो म्हणाला, बरं.

गोणी उचलायला मी वाकलो होतो तेव्हा बार झाला.

नंतर वैशालीने सांगितलं ते असं. एक मेहुणा म्हणाला, दाजी, म्हातारं उगाच भ्यायलंय. प्रतापने रायफल उचलली. आबांना जे करताना त्याने लहानपणापासून बघितलं होतं तेच केलं. मॅगझिन काढलं, डावा तळवा दांड्यावर ठेवला आणि मागे दाबला. काडतूस बाहेर यायला हवं होतं. ओढून आणणारा आकडाही गंजाने बसला होता, त्यामुळे काडतूस नळीतच राहिलं. प्रतापला ते कळलं नाही, कारण तो पाहुण्यांकडे बघून काहीतरी बोलत होता. काडतूस पडलं असं समजून त्याने दांडा खाडकन सोडला.

मी धावत आलो तेव्हा तो उभाच होता. हात समोर धरून बघत होता, जणू तो दुसऱ्याचा आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. तळव्यातून पलीकडचं दिसत होतं. वैशालीने पदर फाडून बांधला. ती रडली नाही. मेहुण्याने गाडी काढली. मी मागच्या सीटवर प्रतापचं मनगट दाबून धरलं होतं आणि संगमनेर येईपर्यंत तो मला एकच विचारत होता, "काका, तो म्हनला होता ना? काढली म्हनला होता ना?"

पंजा राहिला, कामाचा राहिला नाही. शर्टाची बटणं वैशाली लावते. रायफल पोलिसांनी सीलबंद करून नेली. निष्काळजीपणाने शस्त्र वापरल्याची केस प्रतापवर झाली, ज्याचा हात गेला त्याच्यावर. वाडकरने जबाबात सांगितलं की रायफल आपण उत्तम स्थितीत परत दिली होती, साळव्यांनी ती पाटावरून उचलली, आपटली, त्यात आतलं काही सरकलं असेल. धंद्यातली माणसं मला भेटली की विषय बदलतात. ज्या दुकानाच्या काउंटरवर मी आयुष्यभर लोकांच्या बंदुका त्यांच्यासमोर उघडून दाखवल्या, तिथे आता एखादा मला विचारतो, मामा, खरंच आपटली का हो?

मी अर्ज केला आहे की तो बोल्ट सगळ्यांसमोर उघडा. पिन गंजून बसलेली असेल तर एका मिनिटात कळेल की ती कधी बाहेर आलीच नव्हती. घासून, तेल देऊन बसवलेली पिन एका पावसाळ्यात अशी होत नाही. मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय हात लावता येत नाही, असं उत्तर मिळालं. ठीक आहे. कोर्ट आपल्या वेळेने चालेल. मी थांबेन, मला सवय आहे.

पण एक गोष्ट कोर्टात येणार नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. वैशाली आता कशाच्याही समोर बसत नाही. गॅसच्या शेगडीसमोर सुद्धा बाजूला उभी राहून स्वयंपाक करते. जाताना मला हळूच म्हणाली, "काका, मी तितंच बसले होते ना? त्याच्या फुडं? खरं सांगा." मी खरं सांगितलं.

मोहन वाडकर, हा अंक तुझ्या दुकानापर्यंत येईल याची व्यवस्था मी करणार आहे. मला उत्तर देऊ नकोस, माझं मी बघून घेईन. प्रतापलाही नको, त्याने तुझं ऐकलं ही त्याची करणी. तू त्या वस्तीवर जा, पोर्चमध्ये उभा राहा, आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांग, की ती पिन तू बाहेर काढली होतीस का नाही.